तयार बटणांची किंमत : जीयूआय टूलकिट काय देतात आणि कुठे अडवतात

मे महिन्यात कॅनिंगच्या आंब्याची खरेदी सुरू झाली की रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत रस्त्याच्या कडेला ताडपत्रीच्या शेडमध्ये वजनकाटा, क्रेटची चवड आणि पावतीपुस्तक मांडून बसलेली माणसे दिसू लागतात. त्या पावतीपुस्तकाच्या जागी लॅपटॉप आणायचा ठरवला, तर लागणारा प्रोग्राम कागदावर अगदी लहान वाटतो : बागायतदाराचे नाव, गाव, क्रेटची संख्या, एकूण वजन, रिकाम्या क्रेटची वजावट, दर आणि रक्कम. यातला हिशेबाचा भाग एखादा होतकरू विद्यार्थी एका दुपारी लिहून टाकील. खरा वेळ जातो तो पडद्यावर दिसणाऱ्या भागात, म्हणजे जीयूआयमध्ये, आणि तो भाग सहसा कोणी मुळापासून स्वतः लिहीत नाही, तर तयार टूलकिटमधून घेतो. हे टूलकिट निवडताना बहुतेक जण बटणे किती देखणी आहेत ते पाहतात. पुढे अडचण येते ती मात्र वेगळ्याच जागी, आणि त्या जागा आधी माहीत असलेल्या बऱ्या.

टूलकिट म्हणजे बटण, मजकुराची चौकट, यादी, मेनू, तारखेचे कॅलेंडर अशा तयार घटकांचा संच. या घटकांना प्रोग्रामर विजेट म्हणतात. घटकांबरोबरच ते विंडोत मांडण्याची आणि कळ दाबली किंवा क्लिक झाले की त्याची वर्दी आपल्या कोडला देण्याची यंत्रणाही त्यात असते. वरवर यात फार काही वाटत नाही. पण नाव लिहिण्याची एक साधी चौकट घेऊन पाहा. तिच्यात कर्सर लुकलुकतो, शिफ्ट दाबून बाणाची कळ चालवली की मजकूर निवडला जातो, दोनदा क्लिक केले की अख्खा शब्द निवडला जातो, कंट्रोल-झेडने लिहिलेले मागे घेता येते, मजकूर चौकटीहून लांब झाला की आपोआप सरकतो, आणि इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्डवरून आलेली अक्षरे जागच्या जागी बसतात. हे सगळे स्वतः लिहायला घेतले तर आंब्याचा हंगाम संपेल आणि चौकट तरीही अपुरीच राहील. शिवाय वापरणाऱ्याला या सवयी आधीच लागलेल्या असतात, म्हणून आपल्या प्रोग्रामपुरते त्याला काही नव्याने शिकवावे लागत नाही. टूलकिटची सर्वांत मोठी देणगी हीच आहे असे मला वाटते, आणि ती जाहिरातीत क्वचितच दिसते.

टूलकिट इतकी का झाली, याचे एक कारण इतिहासात सापडते. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जगतातली एक्स विंडो सिस्टीम १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली, आणि तिने पडद्यावर रेघा व चौकोन काढणे आणि कळा-क्लिकची वर्दी देणे एवढेच काम जाणीवपूर्वक आपल्याकडे ठेवले. बटण कसे दिसावे आणि कसे वागावे हा निर्णय तिने इतरांवर सोडला. साहजिकच त्या मोकळ्या जागेत मोटिफ, टीके, जीटीके, क्यूटी अशी एकामागून एक टूलकिट उभी राहिली, आणि प्रत्येकाने आपापला निर्णय घेतला.

आज ढोबळपणे तीन घराणी दिसतात. पहिल्या घराण्यातली टूलकिट प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमचीच मूळ बटणे मागून घेतात. एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये सुरू केलेले डब्ल्यूएक्सविजेट्स हे त्याचे नमुनेदार उदाहरण. असा प्रोग्राम विंडोजवर विंडोजसारखा आणि मॅकवर मॅकसारखा दिसतो, पण सगळ्या सिस्टीमवर जे समान आहे तेवढेच सहज मिळते. जावाला हा अनुभव लवकर आला. १९९६ मधल्या पहिल्या आवृत्तीतले एडब्ल्यूटी याच पद्धतीचे होते. प्रत्येक सिस्टीमच्या बारीकसारीक फरकांनी लोक जेरीस आल्यावर १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर स्विंग आले, आणि ते दुसऱ्या घराण्यातले होते. या दुसऱ्या घराण्यात बटण टूलकिट स्वतः रंगवते. क्यूटी, जीटीके आणि गूगलचे फ्लटर हे याच घराण्यातले, फक्त क्यूटी त्या त्या सिस्टीमच्या बटणांची नक्कल बऱ्यापैकी हुबेहूब करते. त्यामुळे सगळीकडे एकसारखे वागणे मिळते, पण जे सिस्टीमकडून आयते मिळाले असते ते सगळे टूलकिटच्या कर्त्यांना पुन्हा घडवावे लागते, आणि जे घडवायचे राहून गेले त्याचा फटका आपल्याला बसतो.

तिसरे घराणे ब्राउझरच पोटात घेऊन येते. गिटहबने २०१३ मध्ये आपल्या ॲटम एडिटरसाठी बनवलेले इलेक्ट्रॉन हे त्यातले प्रमुख, आणि व्हीएस कोड हा प्रोग्रामरांचा एडिटर त्यावरच चालतो. इलेक्ट्रॉनला नावे ठेवण्याची प्रोग्रामर मंडळींत फॅशनच आहे, आणि तक्रारीत तथ्यही आहे : नुसती रिकामी विंडो उघडणारे ॲप डिस्कवर शंभर एमबीहून जास्त जागा घेते, कारण त्यात क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर बांधले आहे तो ब्राउझर, अख्खे असते. खरेदी केंद्रावर सहसा घरातला जुना चार जीबी रॅमचा लॅपटॉप येतो. त्याला हे ओझे जाणवते. क्रोमियममध्ये सुरक्षेच्या त्रुटी सापडत राहतात, आणि पोटात घेतलेला ब्राउझर वेळोवेळी नवा करत राहण्याची जबाबदारी ॲप बनवणाऱ्यावर येते, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. टावरीसारखी साधने सिस्टीममध्ये आधीच असलेला वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत वेबपान दाखवणारा घटक, वापरून हे वजन टाळतात, मात्र तो वेबव्ह्यू विंडोजवर एक, मॅकवर दुसरा आणि लिनक्सवर तिसरा असल्याने तीनही ठिकाणी तपासणी करावी लागते. इतके असूनही, मराठीत चालणाऱ्या प्रोग्रामसाठी मी इलेक्ट्रॉनला एका फटक्यात बाद करणार नाही.

त्याचे कारण देवनागरी. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक ठेवत गेले की काम होते. देवनागरीत ‘मि’ लिहिताना आधी म साठवला जातो आणि मग ऱ्हस्व वेलांटी, पण पडद्यावर वेलांटी म च्या आधी काढावी लागते. अर्धा र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, जोडाक्षराचा आकार फॉन्टमधून शोधून आणावा लागतो. या कामाला शेपिंग म्हणतात. ते करणारी हार्फबझ ही मुक्त लायब्ररी क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस वापरतात. इलेक्ट्रॉनला ती क्रोमियमबरोबर आयती मिळते, जीटीकेमध्ये ती पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीमार्फत येते आणि क्यूटीमध्येही असते. ज्या टूलकिटमध्ये शेपिंग नाही तिथे अक्षरे सुटी पडतात. पायथनबरोबर येणाऱ्या टीकिंटरच्या मुळाशी असलेले टीके ८.६ लिनक्सवर असेच वागते. गेम आणि तांत्रिक उपकरणांसाठी लोकप्रिय असलेले डिअर इमगुई तर ही सोय मुळातच देत नाही. अभ्यासक्रमात टीकिंटर शिकलेला विद्यार्थी पहिला मराठी प्रोग्राम लिहायला बसतो तेव्हा त्याला आपलेच काहीतरी चुकते आहे असे वाटते, आणि दोष फॉन्टच्या माथी मारून तो चार फॉन्ट बदलून पाहतो.

टूलकिट तपासायला किनारपट्टीवरची दोन गावे पुरतात : हर्णै आणि मिऱ्या. ‘हर्णै’ मध्ये ण च्या डोक्यावर रफार आणि दोन मात्रा एकाच जागी येतात, आणि चौकटीची उंची इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने वीस पिक्सेल ठरवून टाकलेली असली तर वरचा भाग कापला जातो. वाचणाऱ्याला मग ‘हणे’ दिसते की ‘हर्णे’, सांगता येत नाही. ‘मिऱ्या’ मध्ये मराठीचा खास आडवा अर्धा र आहे, आणि तो हिंदीपुरती चाचणी केलेल्या साधनात पहिल्यांदा उघडा पडतो. याच शब्दात आणखी एक मेख आहे. हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीत, ‘ऱ’ आणि हलन्त वापरून लिहिता येतो, तसाच साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे जोडचिन्ह वापरूनही. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात आणि युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपे एक करण्याच्या प्रक्रियेनेही, ते एक होत नाहीत. एका कीबोर्डवरून नोंदवलेले मिऱ्याचे बागायतदार दुसऱ्या कीबोर्डवरून शोधले की सापडत नाहीत. हा दोष टूलकिटच्या माथी मारता येणार नाही, तो शोधाच्या कोडमध्ये आपणच मिटवायचा असतो.

कर्सरही तपासावा. चांगल्या चौकटीत डावा बाण एक पूर्ण अक्षर ओलांडतो आणि बॅकस्पेस मात्र शेवटचे चिन्ह, म्हणजे आधी वेलांटी किंवा काना, पुसतो. अर्धवट साधनात कर्सर जोडाक्षराच्या पोटात जाऊन अडकतो आणि टाइप करणारा वैतागतो. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर मजकुराची भाषा मराठी आहे हे टूलकिटला सांगावे लागते, आणि फॉन्टमध्येही ती वळणे असावी लागतात. फॉन्ट प्रोग्रामबरोबरच द्यावा, समोरच्या लॅपटॉपवर कोणता आहे यावर विसंबू नये. ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ (Mukta) यांसारखे फॉन्ट खुल्या परवान्याचे असल्याने त्याला अडकाठी नाही. आकड्यांचेही भान ठेवावे. भाषा मराठी केली की काही लायब्ऱ्या आकडे देवनागरीत छापतात, तर वजनकाटा रोमन आकडे पाठवतो. काही टूलकिट एक लाखाचा स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर टाकतात, आणि पावती घेणारा बागायतदार ती चूक सर्वांत आधी पकडतो.

दुसरी मोठी अडचण वेळेची. जवळपास प्रत्येक टूलकिटच्या गाभ्यात इव्हेंट लूप असतो. रेशन दुकानाच्या खिडकीवर एकच माणूस बसावा आणि रांगेतल्या प्रत्येकाचे काम संपवून मगच पुढच्याला बोलवावे, तसा हा लूप एकेक वर्दी घेतो : क्लिक झाले, कळ दाबली, विंडोचा हा भाग पुन्हा रंगवायचा आहे. क्लिकच्या उत्तरात आपण लिहिलेला कोड त्याच एका माणसाच्या हातून चालतो, म्हणून आपला कोड थांबला की रांग थांबते.

खरेदी केंद्रावर हे असे घडते. वजनकाटा सीरियल पोर्टला जोडलेला आहे आणि ‘वजन घ्या’ या बटणाच्या कोडमध्ये ‘काट्याकडून आकडा येईपर्यंत थांब’ अशी एक ओळ आहे. विकासकाच्या टेबलावर आकडा क्षणात येतो. शेडमध्ये केबल सैल झालेली असते, आकडा येत नाही आणि विंडो गोठते. पाच सेकंद प्रोग्रामने कोणतीच वर्दी घेतली नाही की विंडोज शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहिते. त्याआधी घाईतल्या माणसाने बटण आणखी तीन-चार वेळा दाबलेले असते, ते क्लिक रांगेत साठून राहतात, आणि केबल हलवल्यावर काटा बोलू लागला की एकाच क्रेटची वजने ओळीने घेतली जातात. अशा वेळी ‘थांबा, वजन येत आहे’ अशी पाटी दाखवायला सांगणारी ओळ काट्याच्या ओळीच्या आधी लिहिली, तरी ती पाटी दिसत नाही, कारण पाटी रंगवण्याचे कामही त्याच लूपचे आहे आणि तो अडकलेला आहे. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो.

उपाय असा की काट्याशी बोलणे वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर, न्यावे. पण तिथे दुसरा नियम उभा असतो : बहुतेक टूलकिटमध्ये विजेटला फक्त मुख्य, म्हणजे इव्हेंट लूप चालवणाऱ्या, थ्रेडवरूनच हात लावता येतो. वेगळ्या थ्रेडवरून थेट चौकटीत वजन लिहिले तर प्रोग्राम लगेच कोसळेलच असे नाही. तो दहादा चालतो, अकराव्यांदा भर गर्दीत बंद पडतो, आणि असा दोष शोधणे महाकठीण. म्हणून प्रत्येक टूलकिट निरोप परत पोहोचवण्याची अधिकृत वाट देते. क्यूटीत सिग्नल पाठवायचा, स्विंगमध्ये ‘इन्व्होक लेटर’ वापरायचे, टीकिंटरमध्ये थ्रेडने आकडा एका रांगेत टाकायचा आणि मुख्य लूपने तो ‘आफ्टर’ च्या मदतीने ठरावीक वेळाने उचलायचा. टूलकिटची कागदपत्रे वाचताना रंगरूपाच्या प्रकरणाआधी हे प्रकरण वाचावे.

मांडणीची चूक त्या मानाने लवकर दिसते. माउसने विजेट ओढून हव्या त्या पिक्सेलवर ठेवण्याची सोय मोहक असते, पण तिथे ठरलेले माप समोरच्या पडद्यावर लागू पडेलच असे नाही. स्वस्त लॅपटॉपचा पडदा अनेकदा १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलचा असतो. त्यावर अक्षरे मोठी दिसावीत म्हणून स्केलिंग १२५ टक्के ठेवले, तर प्रोग्रामला उंची उरते सुमारे ६१४ पिक्सेल. सातशे पिक्सेल उंचीचा फॉर्म त्यात मावत नाही, आणि ‘जतन करा’ हे बटण टास्कबारच्या खाली जाते. टूलकिटमध्ये ओळी, रकाने आणि ताणली जाणारी जागा यांच्या भाषेत मांडणी सांगायची यंत्रणा असते, तीच वापरावी. मराठी शब्द इंग्रजीपेक्षा लांब आणि उंच असतात हे तिला आपोआप समजते.

कीबोर्डच्या बाबतीत आपल्याकडची एक खास सवय टूलकिटच्या कर्त्यांना ठाऊक नाही. हिशेब लिहिणाऱ्या कारकुनांची एक मोठी पिढी टॅलीवर घडली आहे, आणि टॅलीत एंटर दाबला की पुढच्या रकान्यात जातात. बहुतेक टूलकिटमध्ये पुढे जायला टॅब लागतो आणि एंटर दाबला की डीफॉल्ट बटण दाबले जाते. क्यूटीच्या डायलॉगमध्ये तर बटणे आपोआपच डीफॉल्ट व्हायला पात्र ठरतात. परिणामी कारकून नाव लिहून सवयीने एंटर दाबतो आणि वजनाविना पावती जतन होते. हे वळण बदलणे चार ओळींचे काम आहे, पण ते करायचे आहे हे कळायला कारकुनाशेजारी बसावे लागते. शेडमधल्या उन्हात काळ्या पार्श्वभूमीची थीम वाचता येत नाही आणि चिकाच्या हातांनी टचस्क्रीन नीट चालत नाही, हेही तिथे गेल्यावरच समजते.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत मिळतो. पण स्क्रीन रीडर चित्र वाचत नाही. ‘इथे बटण आहे, त्याचे नाव अमुक’ अशी माहिती टूलकिटने सिस्टीमला द्यावी लागते. सिस्टीमचीच बटणे वापरणाऱ्या टूलकिटला ती आयती मिळते, क्यूटी आणि क्रोमियम ती मेहनतीने पुरवतात, तर टीके ८.६ मधले विजेट स्क्रीन रीडरला जवळजवळ दिसतच नाहीत. सहकारी पतसंस्था किंवा ग्रामपंचायतीसाठी प्रोग्राम करायचा असेल तर या एका मुद्द्यावर टूलकिट नाकारणे मला योग्य वाटते, कारण ही सोय नंतर वरून चिकटवता येत नाही.

उरला परवाना आणि आयुष्य. क्यूटी सुरुवातीला मुक्त परवान्याचे नव्हते. त्यावर केडीई हा डेस्कटॉप उभा राहू लागला तेव्हा त्या परवान्याला आक्षेप घेऊन १९९७ मध्ये ग्नोम प्रकल्प निघाला आणि त्याने जीटीके निवडले. २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आले आणि वाद बराचसा शमला, २००९ मध्ये ते त्याहून सैल अशा एलजीपीएल परवान्याखालीही आले, पण एक खाच उरली. पायथनमधून क्यूटी वापरण्याचे दोन मार्ग आहेत. पायक्यूटी जीपीएल (याखाली प्रोग्राम देताना त्याचा स्रोत कोडही द्यावा लागतो) किंवा सशुल्क परवान्यावर मिळते, तर पायसाइड एलजीपीएलवर. दोन्हींचा कोड जवळपास सारखा दिसतो. पायक्यूटीवर शिकून तयार केलेला प्रोग्राम ग्राहकाला स्रोत न देता विकायचा असेल तर पायक्यूटीचा सशुल्क परवाना घ्यावा लागतो, आणि हे आमच्याकडच्या लहान विकासकांना बहुधा कोणी सांगत नाही.

मोठी कंपनी पाठीशी असली म्हणजे आयुष्य लांब असते असेही नाही. मायक्रोसॉफ्टचे सिल्व्हरलाइट २००७ मध्ये आले आणि २०२१ मध्ये त्याचा आधार संपला. उलट २००२ चे विनफॉर्म्स आजही चालते. क्यूटीची मालकी ट्रोलटेककडून २००८ मध्ये नोकियाकडे आणि नंतर डिजियाकडे गेली, तरी ते टिकले. त्यामागे १९९८ पासूनचा केडीईबरोबरचा करारही आहे, ज्यानुसार मुक्त आवृत्ती बंद पडली तर कोड आणखी सैल परवान्याखाली खुला करता येतो. आवृत्ती बदलण्याचा जाच मात्र कोणाला चुकलेला नाही. जीटीकेचा जन्म गिंप या चित्रसंपादकासाठी झाला, नावातला जी त्याचाच. जीटीके ३ आले २०११ मध्ये. खुद्द गिंपला त्यावर जायला मार्च २०२५ उजाडले, आणि तोवर जीटीके ४ येऊन चार वर्षे उलटली होती.

म्हणून टूलकिट कोणतेही घेतले तरी हिशेब त्यापासून वेगळा ठेवावा. क्रेटची वजावट आणि रकमेचा आकडा काढणारी फाइल अशी असावी की तिच्यात टूलकिटचे नावही येणार नाही. एकूण वजन २४० किलो, क्रेट बारा, रिकामा क्रेट दीड किलोचा, म्हणजे निव्वळ वजन २२२ किलो : ही तपासणी एकही विंडो न उघडता चालली पाहिजे. हिशेबाच्या फाइलमध्ये क्लिक, चौकट किंवा बटण यांचा उल्लेख शिरू लागला की तिथेच थांबून तो बाहेर काढावा. पुढच्या हंगामात हीच पावती फोनवर हवी अशी मागणी आली, तर पुन्हा लिहावा लागेल तो फक्त पडदा.